घरचाच पत्ता

रुस्तावीतल्या त्या जुन्या इमारतीत
लिफ्टला नाणं लागतं.
वीस तेत्री टाका, मग ती कण्हत वर निघते.
त्सिआलाबाई खालीच उभ्या होत्या, मूठ उघडून:
हे घे नाणं. आणि ओतिया,
चोर धरायला आल्यासारखा वागू नकोस.
आधी चहा पी, मग सहज म्हणून बघ.

नुगझार दारात, नुसत्या मोज्यांवर.
एकतीस वर्षं पोलादाच्या भट्टीपुढे काढलेला माणूस,
भुवया अजून अर्ध्याच.
त्यांनीच खुर्ची ओढून दिली मला.

कॉम्प्युटर मुलीचा. ती पोलंडला गेली, हा इथेच राहिला.
कीबोर्डवरचे अक्षरांचे स्टिकर निम्मे उडालेले,
एंटरचं बटण मात्र
गोट्यासारखं गुळगुळीत.

मी हॉस्ट्स नावाची फाइल उघडली.
वाण्याच्या वहीइतकी साधी:
डावीकडे पत्ता, उजवीकडे नाव.
नाव कुणाचंही असो, पत्ता आपण द्यायचा.
एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.
म्हणजे कुठे? त्यांनी विचारलं.
म्हणजे इथेच, हेच मशीन.
तुम्ही दार ठोठावणार त्यांचं
आणि परत येणार आल्या पावली.

मला ठाऊक होती ती नऊ लिहिली.
झालं? म्हणाले,
आणि पायाने दार हळूच लोटून घेतलं.
लिही.

भट्टीवर पाळीची हजेरी घेतात
तशा आवाजात सांगू लागले.
एक राणीच्या नावाचं. एक सिंहाच्या.
एक, ज्याच्या शेवटचा आकडा दर आठवड्याला बदलतो.
तो बदलला की मला मेसेज येतो,
वाढदिवसालासुद्धा येत नाही कुणाचा इतका नेमाने.
त्याचे पुढचे पाच आकडे आत्ताच लिहून टाक.
मी लिहीत गेलो. त्यांना सगळं पाठ होतं,
कुठे आडवी रेघ, कुठे दोन ओ.

तेविसाव्यानंतर थांबले.
भिंतीलगत फरशीवर एक स्वच्छ चौकोन होता,
शिवणयंत्राच्या मापाचा.
त्याच्याकडे बघत चोविसावं नाव सांगितलं,
इतक्या खालच्या आवाजात
की मला दोनदा विचारावं लागलं.

फोनवर हे लागू होत नाही, मी म्हणालो.
त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला.
बटणांचा होता.

मग पासवर्ड. फाइल पुन्हा उघडायची तर तो हवा.
त्सिआलाला देऊ नकोस, म्हणाले, तिला दया येते.
तू ठेव.
मी विसरेन, काका.
मग तर फारच छान.

चहा आला, सोबत कोवळ्या अक्रोडांचा मुरंबा.
त्सिआलाबाईंनी बशी ठेवताना
हात ॲप्रनखाली घेतला, बिनअंगठीचा.
किती झाली, असं त्यांनी विचारलं नाही.
आम्ही तिघं हवेबद्दल बोललो.

नुगझार लिफ्टपर्यंत आले पोचवायला.
नाण्याच्या फटीवर बोट ठेवून म्हणाले,
हे एकच यंत्र बघ.
नाणं घेतं, आणि सांगितलेल्या मजल्यावर नेतं.
स्वतःच हसले.
उतरताना पैसे पडत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला, पहाटेचे पावणेतीन.
मी उशीत तोंड खुपसून
नाही म्हणायचे चार प्रकार जुळवून ठेवले.

ओतिया, पासवर्ड नकोय.
एक विचारायचं होतं.
ती सगळी तू ज्या पत्त्यावर धाडलीस,
ते हेच घर ना?

हो काका.

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज,
मुलीच्या कॉम्प्युटरचा.

मग म्हणाले,
चोविसांनाही हाक मारून झाली.
इथे माझ्याशिवाय
कुणी जागं नाहीये रे.